पट्टीला चाळीस सेकंद का लागतात? अ‍ॅक्सेसमधला संथपणा वेळ मोजून शोधण्याची पद्धत

एप्रिलच्या मध्यास देवगड तालुक्यातील एखाद्या आंबा पॅकिंग केंद्रात संध्याकाळी चारनंतर जाऊन उभे राहिले, की तिथल्या संगणकाकडून लोकांची काय अपेक्षा असते ते कळते. वाशीला जाणारा टेम्पो दारात उभा असतो, पेट्यांवर शेवटच्या चिठ्ठ्या चिकटत असतात आणि कारकून बागायतदारांच्या हिशेबपट्ट्या छापण्यासाठी बटण दाबून पडद्याकडे पाहत बसलेला असतो. अशाच एका केंद्रासाठी मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये डेटाबेस करून दिला होता. पहिल्या हंगामात दिवसाच्या पट्ट्या तीन-चार सेकंदांत तयार होत; तिसऱ्या हंगामात त्यांना चाळीस सेकंद लागू लागले. संगणक जुना झाला, वायर उंदरांनी कुरतडली, फाइल फुगली, अशी तीन निदाने मला फोनवरच ऐकायला मिळाली. मीही फार शहाणपणा केला नाही. पहिल्या दिवशी फाइल कॉम्पॅक्ट केली (म्हणजे आतली रिकामी जागा काढून आटोपशीर केली), दुसऱ्या दिवशी दोन इंडेक्स (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूची) वाढवले आणि तिसऱ्या दिवशी रॅम वाढवून घ्या असे सांगून मोकळा झालो. तिन्ही उपायांनी काही फरक पडला नाही, कारण वेळ नेमका कुठे जातो हे कोणीच मोजलेले नव्हते.

ते मोजायचे कसे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरण त्याच पट्टीचे आहे आणि आकडे त्या वेळी वहीत टिपलेले आहेत. आपल्या यंत्रावर ते वेगळे येतील, पद्धत मात्र तीच राहील. आज्ञांची आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; व्हीबीए या अ‍ॅक्सेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

मोजण्याआधीची तयारी

सर्वप्रथम फ्रंट-एंड (फॉर्म, रिपोर्ट आणि कोड असलेली) आणि बॅक-एंड (टेबले असलेली) या दोन्ही फाइलींची प्रत काढावी, आणि ही प्रत कॉम्पॅक्ट करण्याआधीची असावी. कॉम्पॅक्ट केल्यावर टेबलांची पाने पुन्हा नीट लावली जातात, आकडेवारी ताजी होते आणि क्वेरींच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांच्या) योजना नव्याने ठरतात. त्यामुळे जो आजार पाहायचा आहे त्याचे लक्षण काही काळ दबून जाण्याची शक्यता असते. दुसरे असे की प्रतीत खरा आणि पूर्ण विदा असावा. वीस ओळींच्या चाचणी-टेबलावर कोणताही कोड वेगवानच धावतो. पावसाळ्यात, केंद्र बंद असताना दुरुस्ती करायची असेल, तर संपलेल्या हंगामाची संपूर्ण फाइल घेऊनच बसावे.

त्यानंतर परिस्थिती कागदावर लिहून ठेवावी: कोणते यंत्र, बॅक-एंड त्याच यंत्रावर की दुसऱ्या यंत्रावरील शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, आणि त्या क्षणी दुसऱ्या कोणी तो उघडलेला आहे का. आपल्याकडे यात आणखी एक रकाना हवा, तो विजेचा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, बचतीच्या सेटिंगमुळे प्रोसेसरचा वेग उतरतो आणि सकाळच्या व दुपारच्या मोजणीत असा फरक दिसतो की माणूस कोडमध्ये नसलेला दोष शोधत बसतो. शेवटी, एडिटरमधील सर्व ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवणाऱ्या खुणा) काढून प्रकल्प एकदा पूर्ण कंपाइल करून (कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलून) घ्यावा, म्हणजे कंपाइल होण्याचा वेळ पहिल्या मोजणीत मिसळणार नाही.

घड्याळ कोणते वापरावे

व्हीबीएमध्ये तयार मिळणारे सर्वांत सोपे घड्याळ म्हणजे टाइमर हे फंक्शन. मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले ते हे फंक्शन अपूर्णांकासह सांगते. काम सुरू होण्याआधी त्याची किंमत एका चलात ठेवायची, काम संपल्यावर पुन्हा घ्यायची आणि वजाबाकी करायची. नाऊ हे फंक्शन या कामासाठी वापरू नये, कारण ते पूर्ण सेकंदांतच वेळ देते.

टाइमरच्या दोन मर्यादा मात्र माहीत हव्यात. पहिली अशी की मध्यरात्री ते शून्यावर येते. ऐन हंगामात पॅकिंगचे काम रात्री बारानंतरही चालते, आणि ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू झालेली मोजणी बारानंतर संपली तर उत्तर ऋण येते. तसे आल्यास त्यात ८६,४०० मिळवावेत. दुसरी मर्यादा सूक्ष्मतेची आहे. टाइमरची किंमत सिंगल या प्रकारात येते आणि त्या प्रकारात मावणारे अंक मोजकेच असल्यामुळे संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, म्हणजे ६५,५३६ सेकंद पूर्ण झाल्यावर, दोन लगतच्या किमतींमधले अंतर एका सेकंदाचा १२८वा भाग इतके होते. शिवाय विंडोजचे नेहमीचे घड्याळच साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या उड्या मारते. त्यामुळे अर्ध्या सेकंदाहून मोठ्या कामासाठी टाइमर उत्तम. दहा मिलिसेकंदांच्या कामासाठी त्याच्यावर विसंबू नये.

मधला पर्याय म्हणून अनेक जण विंडोजचे गेटटिककाउंट वापरतात. संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ते देते, पण त्याची सूक्ष्मताही १० ते १६ मिलिसेकंदांचीच आहे. शिवाय व्हीबीएच्या लाँग (३२ बिटांचा पूर्णांक) प्रकारात ते घेतल्यास संगणक सुमारे २४.९ दिवस बंद न करता चालू राहिल्यावर आकडा ऋण होतो. मध्यरात्रीचा खड्डा चुकवण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

खरोखर बारीक मोजायचे असेल तर क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर घ्यावे. मॉड्यूलच्या माथ्यावर कर्नल३२ या लायब्ररीतील दोन फंक्शने डिक्लेअर करावी लागतात: एक क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर, जे चालू मोजसंख्या देते, आणि दुसरे क्वेरीपरफॉर्मन्सफ्रिक्वेन्सी, जे ही मोजसंख्या सेकंदाला कितीने वाढते ते सांगते. ऑफिस ६४ बिटचे असल्यास डिक्लेअरनंतर पीटीआरसेफ हा शब्द लागतो. ऑफिस २०१० पासून तो ३२ बिटमध्येही चालतो, म्हणून सरसकट लिहावा. दोन्ही फंक्शनांना ६४ बिटांचा पूर्णांक हवा असतो आणि ३२ बिटच्या व्हीबीएत तसा प्रकार नाही. इथे करन्सी हा प्रकार कामाला येतो, कारण तो आतून ६४ बिटांचा पूर्णांकच असून फक्त दहा हजारांनी भागून दाखवला जातो. मोजसंख्या आणि वारंवारता दोन्ही तशाच भागल्या जातात, म्हणून त्यांच्या भागाकारात दहा हजार आपोआप निघून जातात आणि हाती शुद्ध सेकंद येतात. पैशांसाठी केलेला प्रकार वेळ मोजायला वापरताना पहिल्यांदा जरा विचित्र वाटते, पण हिशेब चोख आहे.

याचे एक छोटे फंक्शन करून ठेवावे, जे हाक मारताच सेकंद डबल या प्रकारात परत देईल. पुढे सगळीकडे तेच वापरायचे.

आधी मोठे तुकडे, मग अर्धे

नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो: ज्या ओळीवर त्याचा संशय असतो, तिच्याच आजूबाजूला तो घड्याळ लावतो. मोजणी बाहेरून आत न्यावी. आधी बटणाच्या क्लिकपासून प्रोसिजर (त्या कामाचा कोड) संपेपर्यंतचा एकूण वेळ मोजावा. आमच्या बाबतीत तो ४०.६ सेकंद आला. मग त्या प्रोसिजरचे दोन-तीन स्वाभाविक भाग पाडून प्रत्येकाच्या सीमेवर घड्याळ पाहावे. आमचे भाग असे होते: दिवसाच्या पेट्यांची बेरीज १.२ सेकंद, पट्टीचे तात्पुरते टेबल भरणे ३८.१ सेकंद आणि रिपोर्ट उघडणे १.३ सेकंद. तिन्हींची बेरीज एकूण वेळेशी जुळते की नाही हे नेहमी ताडून पाहावे. जुळत नसेल तर कुठला तरी भाग मोजणीतून सुटला आहे, आणि बहुधा चोर त्यातच असतो.

या एका पायरीतच रॅम, वायर आणि रिपोर्ट या तिन्ही गोष्टी मागे पडल्या. रॅम किंवा वायर यांत दोष असता तर तिन्ही भाग संथ झाले असते, आणि रिपोर्ट तर १.३ सेकंदांतच उघडत होता.

मोजलेल्या किमती कुठे लिहायच्या, हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. त्या त्याच डेटाबेसच्या टेबलात लिहिल्या तर लिहिण्याचा वेळही मोजणीत शिरतो. डीबग.प्रिंट वापरून इमिजिएट विंडोत लिहिणे सोपे आहे, परंतु त्या विंडोत शेवटच्या सुमारे २०० ओळीच टिकतात आणि लूपच्या आत हजार वेळा छापल्यास छापण्याचाच वेळ वाढत जातो. किमती चलांत साठवाव्यात आणि सर्व काम संपल्यावर एकदाच छापाव्यात किंवा साध्या मजकूर फाइलीत जोडाव्यात. प्रोसिजरच्या मधोमध मेसेजबॉक्स असेल तर त्यावर ओके दाबायला कारकुनाने घेतलेला वेळही आपल्या नावावर जमा होतो, तेव्हा चाचणीपुरता तो काढून टाकावा.

एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये. तेच काम पाच-सहा वेळा करावे. पहिली मोजणी नेहमी जास्त येते, कारण फाइलीची पाने तेव्हा डिस्कवरून येतात आणि पुढच्या वेळी ती स्मृतीतच सापडतात. ही पहिली मोजणी फेकून न देता वेगळी लिहावी, कारण सकाळी डेटाबेस उघडणाऱ्या माणसाला तीच अनुभवास येते. उरलेल्या मोजण्या चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घ्यावी. सरासरी घेतल्यास मध्येच जागा झालेला अँटिव्हायरस सगळे उत्तर बिघडवतो.

लूपच्या पोटात

तात्पुरते टेबल भरणारा भाग म्हणजे पट्टीच्या ६२० ओळींवर एकेक करून तेच काम करणारा एक लूप होता. लूपमध्ये घड्याळ लावताना प्रत्येक फेरीचा वेळ वेगळा छापायचा नसतो. प्रत्येक संशयित कृतीसाठी दोन चले ठेवायची, एक एकूण वेळेचे आणि दुसरे किती वेळा हाक मारली त्याचे, आणि दर फेरीत त्यांत भर घालत जायचे. आमच्या लूपमध्ये दर ओळीला तीन कृती होत्या. बागायतदाराचे नाव डीलुकअपने (टेबलातून एक किंमत शोधून आणणाऱ्या फंक्शनने) आणले जाई, त्याला एकूण ३.७ सेकंद लागले. प्रतवारीनुसार दर दुसऱ्या डीलुकअपने येई, त्याला ५.६ सेकंद. बागायतदाराने हंगामात घेतलेल्या उचलीची बेरीज डीसमने होई, आणि तिला लागले २७.९ सेकंद. तिन्ही मिळून १,८६० हाका आणि ३७.२ सेकंद, टेबलात ओळ लिहिण्यासह बाकी सगळ्या कामाला एक सेकंदही लागत नव्हता.

हाकांची संख्या मोजण्याचे महत्त्व इथे कळते. उचलीची एक बेरीज सुमारे ४५ मिलिसेकंदांत होत होती, आणि ४५ मिलिसेकंद हा आकडा एकटा पाहिला तर कोणालाही संथ वाटणार नाही. तोच ६२० वेळा घडला की टेम्पो खोळंबतो. म्हणून प्रत्येक संथ जागेला दोन प्रश्न विचारावेत: एक हाक महाग आहे का, आणि हाका गरजेपेक्षा जास्त आहेत का? आमच्याकडे दोन्हींचे उत्तर होकारार्थी होते.

प्रोसिजरमधून मध्येच बाहेर पडण्याच्या वाटा पुष्कळ असतील, त्रुटी हाताळणारा भाग असेल, तर शेवटचे घड्याळ पाहायचे राहून जाते. अशा वेळी एक छोटा क्लास मॉड्यूल करावा, ज्याच्या इनिशलाइझमध्ये सुरुवातीची वेळ टिपली जाते आणि टर्मिनेटमध्ये फरक काढून साठवला जातो. प्रोसिजरच्या आरंभी त्या क्लासचे एक ऑब्जेक्ट निर्माण केले, की प्रोसिजर कोणत्याही वाटेने संपली तरी ते ऑब्जेक्ट नाहीसे होताना आपली नोंद करून जाते.

क्वेरी आणि फॉर्म यांच्या बाबतीत घड्याळ फसते

क्वेरीवर ओपनरेकॉर्डसेट (तिच्या ओळी कोडमध्ये उघडणारी आज्ञा) चालवून लगेच घड्याळ पाहिले तर उत्तर अनेकदा खोटेच चांगले येते. डायनासेट किंवा स्नॅपशॉट या प्रकारांत ओळी उघडताना अ‍ॅक्सेसचे इंजिन पहिल्या काही ओळी मिळताच नियंत्रण परत देते; बाकीच्या ओळी मागितल्या जातील तशा आणल्या जातात. म्हणून संपूर्ण क्वेरीचा वेळ हवा असेल तर उघडल्यानंतर मूव्हलास्ट करावे, म्हणजे शेवटच्या ओळीवर जावे, आणि त्यानंतर घड्याळ पाहावे. दोन्ही वेळा टिपणे अधिक चांगले: पहिली वापरणाऱ्याला पडदा कधी दिसतो ते सांगते, दुसरी काम कधी पुरे होते ते.

फॉर्मचेही तसेच. मुख्य फॉर्मच्या ओपन घटनेआधीच त्यातील सबफॉर्म (आत बसवलेले फॉर्म) लोड झालेले असतात, त्यामुळे मुख्य फॉर्मच्या ओपनपासून करंटपर्यंत (नोंद समोर येण्याच्या घटनेपर्यंत) मोजले तर सबफॉर्मचा वेळ हिशेबात येतच नाही. घड्याळ फॉर्म उघडणाऱ्या बटणाच्या क्लिकमध्ये लावावे. मग सबफॉर्म आणि कॉम्बो बॉक्स यांचे स्रोत एकेक करून रिकामे करावेत आणि प्रत्येक वेळी किती सेकंद कमी झाले ते लिहावे. रिपोर्टमध्ये 'पान अमुक पैकी तमुक' असे छापले असेल तर एकूण पाने कळण्यासाठी पूर्ण रिपोर्ट आधी मांडावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. पट्टीवर त्या मजकुराची मुळीच गरज नसते.

दोष इंजिनाचा, तारेचा की रचनेचा?

जागा सापडली तरी कारण वेगळे शोधावे लागते. सर्वांत सोपी कसोटी अशी की बॅक-एंडची प्रत स्थानिक डिस्कवर आणून टेबले तिला जोडावीत आणि तेच मोजावे. वेळ फारसा बदलला नाही तर दोष कोडचा किंवा रचनेचा आहे. खूप उतरला तर नेटवर्ककडे पाहावे, आणि वाय-फायवर बॅक-एंड चालवत असाल तर ते आधी थांबवावे. चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल अडखळतोच, शिवाय लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फाइल खराब होते. दुसऱ्या यंत्रावर कोणीतरी बॅक-एंड उघडताच आपले काम संथ होत असेल, तर लॉक फाइल (कोण डेटाबेस वापरत आहे याची नोंद ठेवणारी) वारंवार उघडण्या-मिटण्यात वेळ जात असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी फ्रंट-एंड सुरू होतानाच बॅक-एंडशी एक जोडणी उघडून ती शेवटपर्यंत धरून ठेवावी आणि पुन्हा मोजावे.

डीबीइंजिन या, अ‍ॅक्सेसच्या इंजिनापर्यंत नेणाऱ्या ऑब्जेक्टची आयसॅमस्टॅट्स ही लपवलेली पद्धत इथे फार उपयोगी पडते. शून्य क्रमांक दिल्यास डिस्कवरील वाचने, एक दिल्यास डिस्कवरील लेखने आणि दोन दिल्यास स्मृतीतून झालेली वाचने मिळतात. कामाच्या आधी आणि नंतरचे आकडे वजा करून पाहावेत. सेकंद यंत्राच्या वेगानुसार बदलतात, हे आकडे तसे बदलत नाहीत, त्यामुळे घरच्या वेगवान संगणकावर बसूनही केंद्रातल्या जुन्या यंत्राचे दुखणे यांवरून ओळखता येते.

क्वेरी इंडेक्स वापरते की नाही हे पाहण्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या साठ्यात) इंजिनाच्या किल्लीखाली डीबग नावाची उपकिल्ली करून तीत जेटशोप्लॅन हे मूल्य ऑन ठेवावे लागते. ऑफिसची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट यांनुसार किल्लीचा मार्ग बदलतो. त्यानंतर क्वेरी चालवली की शोप्लॅन.आउट या फाइलीत तिची योजना उतरते. तीत रशमोर (इंडेक्स वापरून शोधण्याची इंजिनाची पद्धत) किंवा इंडेक्स असे शब्द दिसले तर ठीक. स्कॅनिंग दिसले तर इंजिन टेबलाची ओळ न् ओळ वाचत आहे. काम झाल्यावर हे मूल्य आठवणीने ऑफ करावे, नाहीतर ती फाइल वाढतच जाते.

आमच्या उचलीच्या बेरजेची अट तशीच्या तशी साध्या क्वेरीत घातली, तेव्हा स्कॅनिंगच दिसले, आणि मी वाढवलेल्या दोन इंडेक्सांचा उपयोग का झाला नव्हता याचा उलगडा झाला. जुन्या क्रमांकांच्या शेवटी रिकाम्या जागा राहिलेल्या असल्यामुळे मीच बागायतदार क्रमांकाच्या फील्डभोवती ट्रिम लावले होते, आणि हंगाम ओळखण्यासाठी तारखेच्या फील्डभोवती इयर. फील्डभोवती फंक्शन आले की त्या फील्डचा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. त्यामुळे दर हाकेला तीन हंगामांच्या सगळ्या उचली वाचल्या जात होत्या, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी काही जाणवले नव्हते.

दुरुस्ती एका वेळी एकच

आधी क्रमांक एकदाच कायमचे स्वच्छ करून ट्रिम काढले आणि वर्षाऐवजी आरंभ व अखेर अशा दोन तारखांची अट घातली. बेरजेचा वेळ २७.९ वरून २.५ सेकंदांवर आला आणि एकूण १५.२ झाला. हा आकडा लिहून ठेवल्यावरच पुढचा बदल केला: लूप काढून टाकला, उचलीची बागायतदारवार बेरीज करणारी एक क्वेरी लिहिली, ती नाव आणि दर यांच्या टेबलांशी जोडली आणि तात्पुरते टेबल एकाच अपेंड क्वेरीने भरले. त्या भागाला ०.६ सेकंद लागला, एकूण ३.१. प्रत्येक बदलानंतर पट्टीवरील रकमांची बेरीज आधीच्या छापील पट्टीशी ताडून पाहिली. वेग वाढला आणि एखाद्या बागायतदाराची उचल वळती करायची राहिली, तर त्याचे उत्तर केंद्रालाच द्यावे लागते.

लूप टाळता येत नसेल तेव्हा आधी करून पाहण्यासारखे बदल थोडेच आहेत. करंटडीबी (चालू डेटाबेसचे ऑब्जेक्ट देणारे फंक्शन) दर फेरीला न बोलावता लूपच्या बाहेर एकदाच चलात घ्यावे, अनेक ओळी लिहिताना त्या बिगिनट्रान्स आणि कमिटट्रान्स (सगळे लेखन एकत्र बांधणाऱ्या आज्ञा) यांच्यामध्ये घालाव्यात, आणि टेबलांच्या गुणधर्मांतील सबडेटाशीट (ओळीखाली उलगडणारे जोडलेले टेबल) ऑटोवरून नन करावे. यांपैकी कशाने किती फरक पडतो हे प्रत्येक फाइलीत निराळे असते, म्हणून दर वेळी आकडा घ्यावा.

मोजणीचा कोड नंतर पुसून टाकू नये. एका स्थिरांकाने तो चालू-बंद करता येईल अशी सोय ठेवावी आणि चालू असताना तारीख, यंत्राचे नाव, पट्टीतील ओळींची संख्या आणि लागलेले सेकंद एवढेच एका मजकूर फाइलीत जोडले जाईल असे करावे. ओळींची संख्या त्यात हवीच, कारण मार्चमधल्या ५० ओळींची तुलना मेमधल्या ६०० ओळींशी सेकंदांवरून करता येत नाही. दर ओळीमागे किती मिलिसेकंद पडले ते पाहावे लागते. तो आकडा आठवड्यागणिक चढू लागला, तर कुठले तरी टेबल पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले जाऊ लागले आहे, असे समजून केंद्रातून फोन येण्याआधीच शोप्लॅन चालू करून पाहावे.